ट्रकच्या इंजिनाला ऑइल कॅच कॅन बसवावा का? नव्याने विचार करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पिकअप किंवा ट्रक ताब्यात आला की थोड्याच दिवसांत ऑइल कॅच कॅन, म्हणजे क्रँककेसमधून बाहेर येणाऱ्या वायूंतले ऑइल अडवणारा छोटा डबा, बसवून घेण्याचा सल्ला कोणाकडून तरी मिळतो आणि सोबत त्या डब्यातून काढलेला काळा द्रव पुरावा म्हणून दाखवला जातो. तो द्रव खरा असतो आणि तो इंजिनात गेला नाही हेही खरे असते. तरीही केवळ त्यावरून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. उत्तम स्थितीतील इंजिनाच्या ब्रीदर पाइपमध्ये, म्हणजे हे वायू बाहेर नेणाऱ्या नळीत, डबा बसवला तरी त्यात काही ना काही जमा होणारच. विचार करायचा तो दोन गोष्टींचा: तो द्रव अडवला नसता तर तुमच्या विशिष्ट इंजिनाचे खरोखर काही बिघडले असते का, आणि तो डबा वेळच्या वेळी रिकामा करण्याचे काम तुम्ही पुढची अनेक वर्षे करणार आहात का. हा निर्णय कसा घ्यावा आणि डबा बसवायचे ठरलेच तर काम कसे करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी मूळ व्यवस्था समजून घ्या

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाच्या वेळी तयार होणाऱ्या वायूंचा थोडा अंश त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या पोकळीत, उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात आणि हे प्रमाण वाढले की इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ असे मेकॅनिक सांगतात. या वायूंबरोबर पाण्याची वाफ, न जळलेले इंधन आणि काजळी खाली येते. क्रँक वेगाने फिरत असल्यामुळे उडालेले ऑइलचे सूक्ष्म थेंबही त्यात मिसळतात. हे मिश्रण बाहेर पडू दिले नाही, तर क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल सील गळू लागतात.

जुन्या इंजिनांत यासाठी एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असे. तिच्यातून होणारे प्रदूषण रोखण्यासाठी ते वायू परत इंजिनातच जाळण्याची पद्धत आली. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींत ही व्यवस्था येऊ लागली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. तिला पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणजे पीसीव्ही, म्हणतात. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात असतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधले वायू ओढून घेतो आणि दुसऱ्या बाजूच्या नळीने गाळलेली ताजी हवा क्रँककेसमध्ये येते. टर्बो डिझेलमध्ये असा उपयोगी पडेल इतका निर्वात मॅनिफोल्डमध्ये सहसा नसतो, म्हणून ब्रीदरची नळी टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते आणि तेथील ओढीवर काम चालते.

या पुनर्वापरात वायूंबरोबर ऑइलचे थेंबही इनटेकमध्ये जातात. कॅच कॅन या नळीच्या मधोमध बसतो. आत आल्यावर वायूचा वेग मंदावतो, तो थंड होतो, आतल्या पडद्यांवर आणि जाळीवर आपटतो, थेंब एकत्र येऊन तळाशी साचतात आणि उरलेला वायू पुढे इनटेकमध्ये जातो. डबा एवढेच काम करतो.

पहिली पायरी: इंधन कोठे फवारले जाते ते शोधा

पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत संपूर्ण निर्णयातला सर्वात वजनदार मुद्दा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

ज्या इंजिनात इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडे असतो, तेथे पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो. पेट्रोल आणि त्यातील डिटर्जंट यांमुळे व्हॉल्व्हची पाठ सतत धुतली जाते आणि पीसीव्हीतून आलेले थोडे ऑइल तेथे चिकटून राहत नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे त्याच्या तापलेल्या पाठीवर ऑइलची वाफ बसते, भाजते आणि थरावर थर चढून कडक कार्बन तयार होतो. थर जाड झाला की हवेचा प्रवाह बिघडतो, थंड इंजिन सुरू होताना मिसफायर होऊ लागते आणि आयडलिंग खडबडीत होते. इंधनात टाकायचे कोणतेही क्लीनर तेथे पोहोचत नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या दाबाने मारून तो कार्बन खरवडावा लागतो.

तिसरा प्रकार दोन्ही इंजेक्टर असलेल्या इंजिनांचा. फोर्डच्या एफ-१५० पिकअपमधील ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिन २०११ ते २०१६ या मॉडेलांत फक्त डायरेक्ट इंजेक्शनचे होते; २०१७ पासून त्याला पोर्ट इंजेक्टरही मिळाले. शेवरोलेच्या सिल्व्हराडोतील ५.३ लिटर व्ही-८ इंजिन २०१४ च्या मॉडेलपासून डायरेक्ट इंजेक्शनवर गेले, तर रॅममधील ५.७ लिटर हेमी पोर्ट इंजेक्शनवर चालते. एकाच नावाच्या ट्रकमध्येही वर्षागणिक व्यवस्था बदलते हे यावरून लक्षात यावे. म्हणून कोणाच्या ऐकीव माहितीवर न जाता तुमच्या वाहनाच्या मॅन्युअलमध्ये तुमच्याच वर्षाच्या इंजिनाची नोंद पाहा.

फक्त पोर्ट इंजेक्शन, टर्बो नाही आणि ऑइलचा खप सामान्य, अशी स्थिती असेल तर कॅच कॅनचा लाभ इतका थोडा आहे की मी तो बसवण्याचा सल्ला देणार नाही. दोन्ही इंजेक्टर असतील तर तो ऐच्छिक आहे. फक्त डायरेक्ट इंजेक्शन असेल, आणि त्यातही टर्बो असेल, तर विचार करण्यासारखे कारण निश्चितच आहे. टर्बो असलेल्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमला जास्त भार आला की ठिणगीच्या आधीच ज्वलन होण्याचा धोका असतो आणि ज्वलनकक्षात शिरलेले ऑइलचे थेंब हे त्याच्या कारणांपैकी एक मानले जाते. त्यावरचा पहिला उपाय मात्र योग्य दर्जाचे ऑइल हा आहे: एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसपी हा २०२० मध्ये आलेला दर्जा हा प्रश्न लक्षात घेऊनच ठरवला गेला.

अपेक्षाही मापातच ठेवाव्यात. डबा आधीच साचलेला कार्बन काढत नाही. व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधून झिरपणारे ऑइल आणि सिलिंडरमधून उलटे येणारे जळके वायू डब्याच्या वाटेने जातच नाहीत, त्यामुळे कार्बन साचण्याचा वेग कमी होऊ शकतो, पण साचणे पूर्ण थांबत नाही. इंजिनाची ताकद वाढण्याचा दावा कोणी केला तर तो सोडून द्यावा.

डिझेल असेल तर प्रश्न वेगळा आहे

डिझेलमध्ये इनटेकमधला त्रास मुख्यतः ईजीआरमुळे, म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेमुळे, होतो. ईजीआर एक्झॉस्टमधली काजळी इनटेकमध्ये आणतो, ब्रीदर ऑइलची वाफ आणतो आणि दोन्ही मिळून मॅनिफोल्डमध्ये चिकट, डांबरासारखा थर बसतो. ऑइल कमी केले तर उरलेली काजळी कोरडी राहते आणि तितकी चिकटत नाही, हा डिझेलमध्ये डबा बसवण्यामागचा खरा तर्क आहे. शिवाय इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या भागात) आणि टर्बोच्या होजपाइपांत ऑइल कमी साचते. ऑइल पिऊन फुगलेला रबरी होजपाइप चढावर पूर्ण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबाखाली, क्लिपमधून निसटतो, तेव्हा या फायद्याची किंमत कळते.

पण अनेक डिझेल इंजिनांना कंपनीनेच ऑइल वेगळे करणारी यंत्रणा दिलेली असते. कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनाच्या रॅम पिकअपांत क्रँककेस व्हेंटिलेशनचा फिल्टर असतो आणि तो ६७,५०० मैलांना, म्हणजे सुमारे १,०८,००० किलोमीटरना, बदलायचा असतो. मोठ्या ट्रकांच्या इंजिनांवर कित्येकदा वेगाने फिरणाऱ्या चकत्यांचा सेपरेटर असतो. तो केंद्रोत्सारी बलाने ऑइल बाजूला काढून परत इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये सोडतो. असे काही तुमच्या इंजिनावर असेल तर त्यापुढे आणखी एक डबा जोडणे निरर्थक आहे. मुदत संपलेला फिल्टर बदलावा. कॅच कॅनवर होणाऱ्या खर्चापेक्षा तो पैसा सत्कारणी लागेल.

दुसरी पायरी: इंजिनाची प्रकृती तपासा

डबा विकत घेण्याआधी थ्रॉटलजवळचा किंवा टर्बोजवळचा हवेचा पाइप सोडवून आत पाहा. बोटाला लागेल इतका ऑइलचा पातळ थर दिसणे स्वाभाविक आहे. पाइप वाकवल्यावर ऑइल ओघळत असेल तर ती वेगळी बाब आहे.

त्यानंतर ऑइलचा खप नोंदवा. सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात किती ऑइल वरून घालावे लागले ते मोजावे. इंजिन ऑइल पीत असेल, टॅपेट कव्हरवरील ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार लोट येत असतील किंवा एक्झॉस्टमधून निळा धूर दिसत असेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा आणि मग कॉम्प्रेशन व लीक-डाउन (सिलिंडरमधला दाब किती गळतो ते पाहणारी) चाचणी करून घ्यावी. अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह हा स्वस्त भाग आहे आणि बराच त्रास तेवढ्यानेच मिटतो. झिजलेल्या रिंगांवर मात्र डबा हा उपाय नाही. तो लक्षण झाकतो, आणि डबा भराभर भरू लागल्यावर मालकाला तो उत्तम काम करतो आहे असे वाटू लागते, ही त्यातली सर्वात वाईट बाजू आहे.

ऑइलची निवडही येथेच तपासावी. ऑइल तापल्यावर त्यातील किती भाग वाफ होऊन उडतो हे नोआक चाचणीने मोजतात. तीत ऑइल २५० अंश सेल्सिअसला एक तास ठेवतात आणि वजनातील घट पाहतात. पेट्रोल इंजिनांच्या ऑइलसाठी १५ टक्के ही प्रचलित कमाल मर्यादा आहे. त्याहून पुष्कळ कमी आकडा असलेले, तुमच्या इंजिनाला मान्य असलेले ऑइल वापरले आणि पातळी कमाल खुणेच्या वर कधीच जाऊ दिली नाही, तर एकही नळी न कापता इनटेकमध्ये जाणारी वाफ कमी होते.

तिसरी पायरी: वापर, हवामान, वॉरंटी आणि नियम

इंजिन पूर्ण तापण्याआधीच प्रवास संपत असेल तर क्रँककेसमध्ये पाणी आणि पेट्रोल अधिक साचते आणि डबा लवकर भरतो. जेथे तापमान शून्याखाली जाते तेथे डब्यातले पाणी गोठू शकते. बर्फाने नळी बंद झाली की क्रँककेसमधला दाब वाढतो, डिपस्टिक वर उचलली जाते, सील गळू लागतात आणि मागचे मेन सील गेले तर ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कडाक्याच्या थंडीत उभ्या राहणाऱ्या आणि जवळच्या जवळ फिरणाऱ्या वाहनाला हिवाळ्यात डबा काढून मूळ नळी जोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

वॉरंटी चालू असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. पीसीव्ही ही प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा असल्याने तिच्यातील फेरफारांना अनेक ठिकाणी नियम लागू असतात. तुमच्या भागातला नियम आधी वाचावा आणि वायू हवेत सोडणारा, वर छोटा फिल्टर असलेला उघडा डबा रस्त्यावरच्या वाहनाला बसवू नये. त्यात कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय मॅनिफोल्डची ओढ तुटल्यामुळे क्रँककेसमधले पाणी आणि इंधन बाहेर काढले जात नाही आणि ऑइल लवकर खराब होते.

चौथी पायरी: डबा निवडणे

पोकळ डबा घेऊ नये. ऑइलचे थेंब मायक्रॉनच्या मापाचे असतात. आत पडदे आणि दाट जाळी नसेल तर त्यांतले बरेचसे हवेबरोबर सरळ पुढे निघून जातात. जाळी स्टेनलेस स्टीलची असावी आणि छिद्रांच्या चकतीने घट्ट धरलेली असावी, कारण सुट्या लोकरीसारख्या तारेचे तुकडे इनटेकमध्ये ओढले गेले तर नुकसान मोठे होते. पातळी पाहण्याची सोय आणि तळाशी ड्रेन कॉक असावा. पेट्रोल इंजिनाला काही शे मिलिलिटरची क्षमता पुरते. डिझेलमध्ये वायूचा प्रवाह जास्त असल्याने डबा आणि तोंडे दोन्ही मोठी लागतात, आणि फिल्टरची कांडी असलेल्या प्रकारात ती तुंबल्यास दाब सोडणारा बायपास व्हॉल्व्ह असणे आवश्यक आहे. डब्याच्या तोंडाचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको, हा नियम सर्वांनाच लागू आहे.

होजपाइप ऑइल आणि इंधन सहन करणारा, निर्वाताने चपटा न होणारा घ्यावा. हीटरसाठी वापरला जाणारा साधा रबरी पाइप दिसायला सारखाच असतो, पण ऑइलने तो फुगतो आणि मऊ पडतो.

पाचवी पायरी: बसवणे

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मूळ नळ्यांचे फोटो काढून ठेवावेत. नंतर घाण वायूची नळी ओळखावी: पेट्रोल इंजिनात ती पीसीव्ही व्हॉल्व्हकडून थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डला जाते आणि आयडलिंगला तिच्यात स्पष्ट ओढ जाणवते. ताज्या हवेच्या नळीत डबा बसवला तर सामान्य वापरात त्यात फारसे काही जमत नाही. टर्बो पेट्रोल इंजिनात बूस्ट आल्यावर मॅनिफोल्डकडची वाट चेक व्हॉल्व्हने बंद होते आणि वायू टर्बोच्या तोंडाकडे वळतात. अशा इंजिनात दोन्ही वाटांचा विचार केलेला संच नसेल तर भार ओढतानाचे, म्हणजे नेमके जास्त ऑइल येण्याच्या वेळचे, वायू डब्याला वगळून जातात.

जागा शक्य तितकी थंड निवडावी, कारण गार डब्यात वाफ अधिक द्रवरूप होते. एक्झॉस्ट, टर्बो, पंखा आणि पट्टे यांपासून अंतर ठेवावे. डबा बॉडीला बसवत असाल तर इंजिन हलते हे लक्षात घेऊन नळीत थोडी ढील सोडावी, पण मध्ये झोळ पडू देऊ नये. झोळात पाणी साचते आणि थंडीत तेथेच बर्फ होतो. मूळ नळी कापण्यापेक्षा नव्या नळ्या जोडाव्यात आणि मूळ नळी जपून ठेवावी. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याचे ठरावीक मापाचे छिद्र जागच्या जागी राहू द्यावे. ते काढले किंवा मोठे केले तर मॅनिफोल्डमध्ये जाणाऱ्या हवेचा हिशेब बिघडतो. डब्यावरची आत आणि बाहेर ही दोन तोंडे उलटी जोडली जात नाहीत ना, हे शेवटची क्लिप आवळण्याआधी पुन्हा पाहावे.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून प्रत्येक जोडाजवळ शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकावे. पेट्रोल इंजिनात आयडलिंग चढले किंवा पी ०१७१, पी ०१७४ हे (मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त असल्याचे) बिघाडाचे कोड आले तर कोठूनतरी हवा शिरते आहे असे समजून प्रथम तुमचेच जोड तपासावेत. माझा विशेष आग्रह एका चाचणीसाठी आहे: डबा बसवण्याआधी आणि नंतर, त्याच तापमानाला आणि त्याच आरपीएमला, डिपस्टिकच्या नळीवर पाण्याच्या उंचीत दाब मोजणारा गेज लावून क्रँककेसचा दाब मोजा. दोन आकड्यांत लक्षणीय फरक नसावा. नंतरचा दाब वाढला असेल तर डबा किंवा नळी अडथळा करते आहे, आणि असा डबा बाजूला ठेवलेलाच बरा.

डबा रिकामा करणे

पहिल्यांदा ५०० ते ८०० किलोमीटरला उघडून पाहावे आणि साचलेल्या प्रमाणावरून पुढचे अंतर ठरवावे. डबा अर्ध्यापर्यंत भरण्याआधीच रिकामा होईल असा बेत ठेवावा. थंडीत हे अंतर निम्म्यावर आणावे. थंड दिवसांत निघालेला द्रव दुधाळ, पिवळसर असतो, कारण त्यात पाणी मिसळलेले असते. केवळ त्यावरून हेड गॅस्केट गेले असे समजू नये, पण कूलंटची पातळीही कमी होत असेल तर तपासणी करावी.

डिझेलच्या बाबतीत या कामात हयगय अजिबात चालत नाही. काठोकाठ भरलेल्या डब्यातले ऑइल एकदम टर्बोत ओढले गेले तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते, वेग अनावर वाढतो आणि चावी बंद करूनही ते थांबत नाही, कारण त्याला ठिणगीची गरज नसते आणि इंधन त्याला इनटेकमधूनच मिळत असते. ज्या वाहनावर अनेक चालक बदलतात आणि डबा पाहण्याची जबाबदारी कोणा एकाची नसते, त्या वाहनाला मी कॅच कॅन बसवू देणार नाही, मग इंजिन कोणतेही असो.

पेट्रोल इंजिनाच्या डब्यातला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात पाणी, इंधन आणि आम्ले असतात. पेट्रोलच्या अंशामुळे तो पेट घेऊ शकतो, म्हणून गरम एक्झॉस्टजवळ डबा उघडू नये, हातमोजे घालावेत आणि द्रव झाकणाच्या भांड्यात साठवून वापरलेल्या ऑइलबरोबर संकलन केंद्रात द्यावा. प्रत्येक वेळी निघालेले प्रमाण आणि किलोमीटर वहीत लिहावेत. वापर आणि ऋतू तेच असताना हे प्रमाण अचानक दुप्पट झाले, तर मोठा डबा शोधण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, ऑइलची पातळी आणि कॉम्प्रेशन या क्रमाने तपासणी सुरू करावी.